एक परसही नाही

परवा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. नववीत माझ्या विज्ञानाच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायचा, आता पुण्यात त्याची स्वतःची कसलीशी कंपनी आहे. "सर, मुळशीकडं जागा घेतलीय. बंगल्यापुढं छोटासा स्विमिंग पूल करतोय. खोली किती ठेवू?"

"सूर मारणार का त्यात?"

"मारणारच की सर! त्याशिवाय काय मजा?"

म्हटलं थांब, लिहून पाठवतो. लिहायला बसलो तर ते व्हॉट्सॲपवर मावेना. म्हणून इथं.

मी सूर मारायला विहिरीत शिकलो. वाई तालुक्यातलं आमचं गाव, घरामागं मळा, मळ्यात दगडी बांधणीची विहीर. मोट जाऊन इंजिन आलं होतं, पण मोटेसाठी पुढं काढलेला दगड तसाच होता. त्यावर उभं राहून खाली पाहिलं की पाणी काळपट हिरवं. तळ दिसायचा प्रश्नच नाही. पाठीला पत्र्याचा डबा बांधून पहिला उन्हाळा काढला, दुसऱ्या उन्हाळ्यात आबांनी डबा सोडला आणि मागून ढकललं. माझ्या वयाच्या निम्म्या महाराष्ट्राची हीच गोष्ट आहे, त्यात विशेष काही नाही. विशेष होती ती आबांची मोजणी.

आबा म्हणजे आमचे आजोबा. ते पाणी फुटात मोजत नसत, परसात मोजत. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला पुरुष, टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत. दिवाळीला विहिरीत चार परस पाणी, होळीपर्यंत ते दोनवर यायचं आणि मेमध्ये दीड परसाला टेकायचं. सुट्टी लागली की पहिल्या दिवशी आमच्या थोरल्या चुलतभावाला पायऱ्यांनी पाण्यात उतरावं लागे. तो बुडी मारून तळाला जायचा आणि मुठीत गाळ घेऊन वर यायचा. गाळ दाखवला नाही तर बुडी धरली जात नसे. खाली धोंडा आहे का, काठावरच्या बाभळीची फांदी पडलीय का, कुणाची बादली बुडालीय का, हे सगळं त्याला विचारायचं आणि मग आबा निकाल द्यायचे. दोन परसाच्या वर पाणी असेल तर सूर. त्याखाली पायांवर उडी, फार तर मुटका, म्हणजे गुडघे पोटाशी धरून. पाडवा झाला की सूर बहुतेक बंदच.

आम्ही कुरकुरायचो. म्हातारा भित्रा आहे असं आपसात बोलायचो. पुढं बी.एस्सी.ला गेल्यावर कधीतरी लक्षात आलं की विहिरीचं पाणी दोन परस उतरतं तेव्हा नुसती खोली कमी होत नाही, काठापासून पाण्यापर्यंतचं अंतरही तेवढंच वाढतं. म्हणजे माणूस जास्त वेगानं पडतो आणि त्याला थांबायला जागा कमी मिळते. दोन्ही गोष्टी एकदमच बिघडतात. आबा तिसरी शिकलेले होते.

आता ती विहीर जाळी टाकून बंद केली आहे. आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर, मळ्याच्या वरच्या अंगाला, धाकट्या भावानं बंगला बांधला आहे. समोर पांडवगड दिसतो. पुढं हिरवळ आणि हिरवळीच्या कडेला पूल. तीस फूट लांब, बारा फूट रुंद, निळ्या बारीक टाइल्स, रात्री आतून दिवे लागतात. शनिवार-रविवारी तो बंगला भाड्यानं देतो, मुंबई-पुण्याची मंडळी येतात. बाकीच्या वेळी आम्ही.

२०२३ च्या मे महिन्यातला रविवार. पुतणी मुलांना घेऊन बंगळुरूहून आली होती. दुपारी चारचा सुमार, काठावर कलिंगडाच्या फोडींचं ताट, पाण्यात सहा-सात पोरं. भाऊ त्यांना आमच्या विहिरीच्या गोष्टी सांगत होता आणि नेहमीप्रमाणे वाढवून सांगत होता. "दादा दगडावरून सूर मारायचा तेव्हा पाणी उडायचं नाही, सुरी गेल्यासारखा जायचा आत." पोरं मागं लागली. मोठे आजोबा, दाखवा ना! मी छप्पन्न वर्षांचा, पोट सुटलेलं, अंगात हाफ पँट आणि बनियन. बनियन काढला. हिनं आतून हाक मारली होती, "अहो, काय करताय?" ती ऐकू आली होती, हे आज कबूल करतो.

काठावर उभा राहिलो, हात वर जोडले, टाचा उचलल्या आणि मारला.

आवाज आठवतो. चिनी मातीची बशी फरशीवर ठेवताना जरा जोरात आपटावी तसा, पण डोक्याच्या आतून आलेला. दुखलं काहीच नाही. डोळ्यांसमोर निळ्या टाइल्समधली पांढरी रेघ इतक्या जवळ होती की तिच्यातला सिमेंटचा खरखरीतपणा दिसत होता. मग बुडबुडे. मग मी पाय टेकून उभा राहिलो आणि पाणी माझ्या छातीपर्यंत होतं. छातीपर्यंत! पोरं टाळ्या वाजवत होती. मी उजवा हात वर केला तेव्हा टाळ्या थांबल्या, कारण मनगटाला जेवणाच्या काट्याला असतो तसा बाक आला होता. कपाळावर रुपयाएवढं खरचटलं होतं, त्याचं रक्त पाण्यामुळे दिसायला भलतंच झालं.

पुढची वीस मिनिटं आमच्या घराण्याला शोभेल अशी गेली. भाऊ आणि ड्रायव्हर दोघांनी मला काखेत हात घालून वर ओढलं. खुर्चीत बसवलं. भावजयीनं हळद आणली. कुणीतरी मान चोळून दिली. मी सगळ्यांना धीर द्यायला मान डावीकडं-उजवीकडं फिरवून दाखवली, हे बघा, काही झालेलं नाही. मग गाडीत पुढच्या सीटवर बसवून, कच्च्या रस्त्याचे सगळे खड्डे घेत, साताऱ्याला.

हाडांच्या डॉक्टरांनी मनगटाकडं पाहिलंसुद्धा नाही. आधी विचारलं, "डोकं आपटलंय?" हो म्हटल्याबरोबर मला आडवं केलं, मानेला पट्टा बांधला, बोटं हलवायला लावली, तळपायाला पेनच्या टोकानं टोचत "कळतंय का?" असं विचारत राहिले. मुंग्या? नाहीत. बधिरपणा? नाही. मग मानेचं सीटी स्कॅन. हे सगळं सुरळीत निघाल्यावर त्यांनी काय-काय झालं ते विचारलं. मी मान फिरवून दाखवल्याचं सांगितलं तेव्हा ते लिहायचे थांबले.

"सर, तुम्ही शिक्षक ना?"

"विज्ञानाचा."

"मग तुम्हाला कळेल," म्हणाले. "मालगाडीचं इंजिन भिंतीवर आदळून जागेवर थांबलं, पण मागचे डबे येतच राहिले, तर कोण चिरडतं? इंजिनाला लागून असलेला डबा. डोकं तळाला थांबलं. मागून चौऱ्याहत्तर किलो येतंय. मधे आहे मान."

मानेत सात मणके. एरवी मानेला मागच्या बाजूला थोडा बाक असतो, त्यामुळे ती स्प्रिंगसारखी धक्का पचवते. सूर मारताना माणूस हनुवटी जराशी आत घेतो आणि नेमका तो बाक सरळ होतो. सातही मणके एकावर एक, नाण्यांच्या चळतीसारखे. चळत वरून दाबली तर ती वाकत नाही, तिच्यातलं एखादं नाणं फुटतं. बहुतेक वेळा पाचवं किंवा सहावं. फुटलेला तुकडा मागं मज्जारज्जूत घुसतो. पाचव्या पातळीला इजा झाली तर खांदा आणि कोपर कसंबसं दुमडता येतं, मनगट आणि बोटं गेली, पाय तर गेलेच. त्याच्या वर, तिसऱ्या-चौथ्याच्या आसपास, तर श्वासाच्या पडद्याची नस निघते, ती गेली की श्वासच बंद. म्हणजे पाण्यात हातपाय लुळे पडतात, माणूस शुद्धीवर असतो, तोंड पाण्यात असतं आणि त्याला उलटं होता येत नाही. काठावरच्यांना वाटतं, गंमत करतोय.

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला पोरांच्या टाळ्या आठवल्या.

"तुमचे हात पुढं होते आणि ते तुम्ही सोडले नाहीत, म्हणून मोडलं ते मनगट," डॉक्टर म्हणाले. हात कानाला चिकटलेले, अंगठे एकमेकांत अडकवलेले. ती आबांची सवय होती. ते काठीनं कोपर सरळ करायचे.

सहा आठवडे प्लास्टर, तीन आठवडे मानेला पट्टा. उजवा हात गळ्यात, त्यामुळे डाव्या हातानं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं करत बसलो. नोकरी संपली तरी सवय जात नाही.

पहिलं गणित लांबीचं. माझी उंची पाच फूट सहा इंच, हात वर केले की जवळजवळ सात फूट. पूल मी दुसऱ्या दिवशीच पुतण्याला बांबू घेऊन मोजायला लावला होता. चार फूट तीन इंच, सगळीकडं सारखा. आता मी सरळ उभा पाण्यात घुसलो असं धरा. बोटं तळाला टेकली तेव्हा पाय कुठं असणार? पाण्याच्या वर पावणेतीन फूट, हवेत! म्हणजे मी अजून धड पाण्यात गेलोही नव्हतो. आबांच्या मापात सांगायचं तर तो पूल एक परसही नव्हता. आबांनी मला दोन परसाखाली सूर मारू दिला नसता आणि मी एकाच्याही आत मारला.

दुसरं गणित वेगाचं. काठ पाण्याला लागूनच आहे, तिथून काय पडणार, असं सगळे म्हणतात. पण पडतं ते शरीर, आणि उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास, जमिनीपासून साधारण मीटरभर वर असतो. मीटरभर पडल्यावर वेग होतो सेकंदाला सुमारे साडेचार मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर. दामटलेल्या सायकलचा वेग. पाणी आपल्याला अडवतं, पण सुराची कसबच मुळी पाण्यानं अडवू नये अशी असते. या वेगानं चार फूट तीन इंच कापायला पाव सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. काहीतरी चुकलं हे डोळ्यांना दिसून हातांना कळायलाच जवळपास तेवढा वेळ जातो. म्हणजे "तळ जवळ आला की वळेन" ही गोष्ट होत नाही. वळणं आधीच ठरलेलं असावं लागतं.

तिसरं गणित माझी लाज काढणारं आहे. पाण्यात प्रकाश वाकतो, त्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे वरून सरळ पाहिलं तर खोली असते त्याच्या तीन-चतुर्थांश दिसते. तीस वर्षं बादलीत नाणं टाकून मी हे मुलांना दाखवलंय. म्हणजे तो सव्वाचार फुटांचा पूल मला सव्वातीन फुटांसारखा दिसत होता. डोळे तर खोटं बोलत होते ते माझ्या भल्यासाठी! तरी मी मारला. यावर बराच विचार केला. मला वाटतं, विहिरीत तळ दिसत नव्हता म्हणून आम्ही तो मोजत होतो. पुलात तळ दिसतो, निळा, स्वच्छ, दिवे लावलेला. दिसतो म्हटल्यावर मोजायचं डोक्यातच येत नाही. भीती वाटायची विहिरीची आणि घात करणारा निघाला हा.

इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या मात्र पटवून घेईना. "काका, स्पर्धेत पोहणारे ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या चौथऱ्यावरून सूर मारतात, तिथं नियमानं १.३५ मीटर खोली पुरते. म्हणजे साडेचार फूटच की." बरोबर आहे, नियम आहे तसा. पण त्यांचा सूर खाली जात नाही, पुढं जातो. पाण्याला घासत, सपाट, आणि बोटं आत गेल्या क्षणी वरच्या दिशेनं वळलेली. ते वर्षानुवर्षं रोज तेवढंच करतात, शिक्षक उभा असतो, पुढं मोकळी लेन असते. उलट डायव्हिंगवाल्यांचं बघ म्हटलं. एक मीटरच्या साध्या स्प्रिंगबोर्डखाली त्यांच्या नियमात किमान ३.४ मीटर पाणी लागतं, सव्वाअकरा फूट. दहा मीटरच्या मचाणाखाली पाच मीटर असावं असं धरतात. आपल्या सोलापुरातून ऋतिका श्रीरामसारख्या राष्ट्रीय सुवर्णपदकं मिळवणाऱ्या डायव्हर घडल्या, त्या असल्या खोल पाण्यावर. अमेरिकन रेडक्रॉस सामान्य माणसाला सांगतं की नऊ फुटांपेक्षा कमी पाण्यात डोकं पुढं घालून उडी मारूच नका. नऊ फूट म्हणजे सव्वा परसाच्या वर झालं. आबा त्यांच्याहून कडक होते, पण आबांचा दगडही पाण्यापासून उंच होता.

प्लास्टरच्या त्याच दिवसांत चार्ल्स क्राउथॅमरविषयी वाचलं. अमेरिकेतला मोठा स्तंभलेखक, १९८७ चं पुलित्झर मिळालेला. १९७२ मध्ये हार्वर्डला डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला असताना, वय २२, पोहायच्या तलावात बोर्डावरून सूर मारला आणि डोकं तळाला लागलं. डोक्याला साधी जखमही नव्हती, असं त्यानं नंतर सांगितलंय. सगळा जोर मानेतल्या एका ठिकाणी गेला. काठावर ठेवलेल्या त्याच्या दोन पुस्तकांपैकी एक मज्जारज्जूच्या रचनेचं होतं. पठ्ठ्यानं रुग्णालयात पडल्यापडल्या अभ्यास करून आपल्याच तुकडीबरोबर पदवी घेतली आणि पुढं कितीतरी वर्षं चाकाच्या खुर्चीतून लिहीत राहिला. २०१८ मध्ये गेला. हे वाचल्यावर कपाळावरच्या त्या रुपयाएवढ्या खपलीला मी कितीतरी वेळ हात लावत होतो. माझ्या डोक्याला निदान जखम तरी झाली होती.

पट्टा निघाल्यावर पहिलं काम केलं ते पेंटरला बोलावण्याचं. भावाचा विरोध. "दादा, गेस्ट लोकांना काय वाटेल? सरकारी तलाव दिसेल तो." आमची दोन दिवस वादावादी झाली. शेवटी भावजय म्हणाली, "यांचं ऐका, नाहीतर पुढच्या वेळी तुम्ही जाल साताऱ्याला." पेंटर गावातलाच, ग्रामपंचायतीच्या भिंती रंगवणारा. त्यानं आपल्या मनानं "येथे सुर मारण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून" असं लिहून टाकलं. 'सु' ऱ्हस्व. मी मास्तर, मला ते सहन होईना, पण भाऊ म्हणाला राहू दे, हुकुमावरून आहे म्हटल्यावर लोक घाबरतील. मग काठावर, जिथून माणूस उडी मारतो तिथं पायाखालीच, दर आठ-दहा फुटांवर "४ फूट ३ इंच" असं काळ्या रंगात लिहून घेतलं. भिंतीवरची पाटी कुणी वाचत नाही, पण सूर मारणारा पायाच्या बोटांकडं एकदा बघतोच.

आणि घरचा नियम केला. पहिली उडी पायांनी. कुणीही येवो, पट्टीचा पोहणारा असो की जावई, आधी पायऱ्यांनी उतरायचं, तळाला पाय टेकायचे, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. नंतर काठावरून उडी मारली तरी पायांवरच. सूर नाही तो नाहीच. तरंगत्या ट्यूबमधून डोकं घालून उडी नाही, उलटी कोलांटी नाही, बेसावध उभ्या असलेल्याला ढकलणं नाही. हे ढकलणं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण त्यात हात पुढं करायलाही सवड मिळत नाही. मुटका? काठापासून लांब, खाली कुणी नसताना. पण चार फुटात मोठ्या माणसाचा मुटका म्हणजे माकडहाडाची परीक्षा, ज्यानं त्यानं ठरवावं.

भाडेकरूंची तऱ्हा वेगळी. दिवसा येतात ती माणसं शहाणी असतात, रात्री दहानंतर त्याच माणसांचं काहीतरी होतं. मागच्या थर्टी फर्स्टला एकजण पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्यावर चढून पुलाकडं तोंड करून उभा होता. खाली मित्र मोबाइल धरून मोजत होते, एक, दोन. बंगल्याची देखभाल करणाऱ्या आमच्या मामांनी काय करावं? मेन स्विच बंद केला. काळोख झाल्यावर तो उतरला मुकाट. मामा सत्तरीचे, त्यांना कुणी हे शिकवलं नव्हतं. तेव्हापासून रात्री दहाला पुलाचे दिवे बंद आणि पुलाकडच्या फाटकाला कुलूप. लहान मुलांसाठी ते फाटक आधीपासूनच होतं.

एक गोष्ट मात्र शिकावी लागली आणि ती मला सूर न मारण्याइतकीच महत्त्वाची वाटते. साताऱ्यातले एक पोहण्याचे कोच आले होते, त्यांनी पुतण्याला पाण्यात पालथं तरंगत ठेवून दाखवलं. कुणी डोक्यावर आपटल्याचा संशय आला तर काखेत हात घालून ओढायचं नाही, जे माझं केलं ते. पाण्यात हळूच शिरायचं, उडी मारून लाटा करायच्या नाहीत. बाजूनं जाऊन त्याचे दोन्ही दंड धरायचे, हात डोक्यापलीकडं सरळ करून त्याच्याच दंडांनी त्याचे कान गच्च दाबायचे. झालं, डोक्याला दोन बाजूंनी फळ्या बसल्या. मग त्याला संथपणे पुढं नेत, तसंच धरून, उताणा करायचा. तोंड वर आलं, मान सरळ. श्वास चालू असेल तर तिथंच, पाण्यात, तसंच धरून उभं राहायचं आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा. सव्वाचार फुटात उभं राहता येतं, हा त्या खोलीचा एकमेव फायदा. मात्र श्वास चालू नसेल तर मानेची काळजी दुसरी. डोकं, मान, पाठ जमेल तेवढी एका रेषेत ठेवून बाहेर घ्यायचं आणि तोंडानं श्वास द्यायला, छाती दाबायला लागायचं. मान वाचवता वाचवता माणूस जायला नको. भाऊ, पुतण्या, मामा, सगळ्यांकडून कोचनी तीन-तीनदा करून घेतलं. मामा पुतण्याचे कान एवढे गच्च दाबत होते की तो ओरडला. कोच म्हणाले, असंच पाहिजे.

आता तुझा प्रश्न, बाबा. खोली किती ठेवू?

लोकांना वाटतं एका टोकाला साडेतीन आणि दुसऱ्या टोकाला सात-आठ फूट केलं की दोन्हीची सोय झाली. माझ्या मते घरच्या पुलासाठी हीच सगळ्यात फसवी रचना. पूल तुझा असणार पंचवीस-तीस फूट. त्यात खोल भाग येणार आठ-दहा फुटांचा, मग चढ. सूर मारणारा फक्त खाली जात नाही, पुढंही जातो, आणि खोल बाजूनं मारलेला सूर त्या चढावर जाऊन लागतो. खरोखर सूर मारण्यालायक करायचं तर पुढं भरपूर लांबीपर्यंत नऊ-दहा फूट पाणी पाहिजे. भावाच्या पुलात आत्ता सुमारे ४३ हजार लिटर पाणी बसतं. तोच नऊ फूट केला असता तर ९२ हजार लागलं असतं, दहा हजारांच्या टँकरचे नऊ टँकर आणि वर थोडं, त्यात मुळशीकडं डोंगरउतारावर तेवढं खोदणं, आणि खोल पाण्यात न पोहणाऱ्यांची राखण. करू नकोस. चार, साडेचार फूट, सगळीकडं सारखी ठेव, डायव्हिंग बोर्ड आणि शोभेचे दगड कंत्राटदारानं कितीही गळ घातली तरी घेऊ नकोस, गॅलरी पुलाच्या डोक्यावर आणू नकोस आणि काठावर आकडे लिही. सूर मारायचा असेल तर जिथं खोल पाणी आणि शिकवणारा दोन्ही असेल अशा तलावावर जा. तू नववीत असताना वर्गाच्या खिडकीतून बाहेर उडी मारली होतीस, तेव्हाही खाली काय आहे ते पाहिलं नव्हतंस, मला आठवतंय.

या मेमध्ये पुतणीची मुलं पुन्हा आली होती. धाकटा आता सात वर्षांचा, अजून त्याचे पाय तिथं टेकत नाहीत. त्याला परस म्हणजे काय ते सांगितलं. मग त्यानं त्याच्या बापाला पुलात उभं केलं आणि हात वर करायला लावले. कोपरं, दंड, डोकं, खांदे, सगळं पाण्याबाहेर. पोरगं काठावरून ओरडलं, "आजोबा, बाबा बुडतच नाहीत!" मग त्याला तळाचा गाळ आणायचा होता. बापाच्या हाताला धरून नाक दाबून खाली गेला आणि मूठ मिटून वर आला. मुठीत केसांची एक पिन आणि बोगनवेलीचं पान होतं.

काल रात्री भावाचा फोन. मागच्या आठवड्यात राहून गेलेल्या कुणीतरी बंगल्याला तीनच स्टार दिले होते. "वाचू का, दादा?" वाच म्हटलं. "जागा सुंदर, जेवण उत्तम, पण पुलावर सूचना फार आहेत आणि केअरटेकर काका सूर मारू देत नाहीत." थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, पावसात काठावरचे आकडे पुसट झालेत, पेंटरला कधी बोलावू? म्हटलं, बुधवारी बोलाव, मी येतो. त्या 'सु'चं पण बघू.